वीस अँपिअर

रात्री दोनला गाडी स्वतःशीच बोलू लागली.
खट्. चारही दारं बंद.
खट्. चारही उघडी.
मी बाल्कनीतून पाहायची:
धुक्यात आतला दिवा लागलेला
आणि गाडीत कुणी नाही.
समोरचे टेमुर्णीकर म्हणाले, काहीतरी बाधलंय हिला,
विकून टाका.

मग डावीकडची काच अर्ध्यात अडली.
जानेवारीतलं ग्वाल्हेर, सकाळचे सात,
शाळेच्या रस्त्यावर शार्दूलच्या कानात वारा.
टेपनं चिकटवलेलं प्लास्टिक फडफडत राहिलं
आणि तो म्हणाला, आई, आपण पतंग चालवतोय.

आठवड्यात सात फ्यूज गेले.
पिवळे, नखाएवढे.
जळलेला उजेडात धरला की मधली तार दिसते,
भुवईतल्या तुटक्या केसासारखी.
हजीऱ्यावरच्या एकानं सुचवलं, हिरवा घाला ना, तीसचा,
जळायचं नाव घेणार नाही.

शिंदे की छावणीतल्या कुशवाहांनी तो हिरवा
चिमटीत धरून पाहिला,
पोरानं खिशातून विंचू काढून द्यावा तसा.
"फ्यूज नहीं जलेगा, बहनजी.
फिर तार जलेगी."
आणि परत माझ्या तळहातावर ठेवला.
मी मूठ मिटली.
गेल्या नऊ वर्षांत मला कुणी विचारलं असतं
तर मी तीसचाच मागितला असता.

फ्यूजच्या जागी त्यांनी ब्रेकलाइटचा बल्ब जोडला
आणि लांब वायरीसकट शार्दूलच्या मांडीवर दिला.
तू सांगायचं, पेटलाय की विझला.
स्वतः डोकं डॅशबोर्डखाली, पाय रस्त्यावर.
आरशाचा कनेक्टर निघाला. पेटलाय.
मागच्या काचांचा. पेटलाय.
माझ्याकडच्या चार बटणांचा, ज्यांना मी
आठवडाभर शिव्या घातल्या होत्या: पेटलाय, पेटलाय.
बटणांची माफी मागावीशी वाटली.
मग डाव्या पुढच्या दाराचा,
खांबाच्या आतला, हात वाकडा करून काढलेला.
विझला! शार्दूल ओरडला, इतक्या आनंदानं
की चहावाला गाळणी धरून तसाच थांबला.

दार आणि खांब यांच्यामध्ये रबराची एक नळी असते.
ती मागे सरकवली.
आत अकरा वायरी, त्यातली निळी सोललेली,
तांबं उघडं.
दार मिटलेलं असलं की ती शेजारणीला चिकटते,
दव पडलं की कुलपांना खोटे निरोप धाडते.
दार अर्धं उघडलं तर कुणालाच लागत नाही.
शेवटच्या खटक्यापर्यंत ओढलं
की लोखंडाला टेकते.

कुशवाह दार पुढेमागे करत राहिले,
कान देऊन.
"ये दरवाज़ा हमेशा पूरा खुलता है.
लोग इतना नहीं खोलते.
कौन बैठता है इधर?"

"मी," शार्दूल म्हणाला.

डिकीतली घडीची चाकाची खुर्ची त्यांनी पाहिली नव्हती.
किंवा पाहिली होती.

दिवसातून चार वेळा. नऊ वर्षं.
मी मनात गुणाकार करायला गेले
आणि रविवार वजा करायचे की नाही, तिथे अडले.
रविवारीही आम्ही कुठे ना कुठे जातोच.
नाहीतर हट्टानं जातो.

तांबं पिळून जोडलं, डाग दिला, वर काळी नळी
लायटरच्या आचेनं आवळली.
आणि मग, न सांगता, वायरीला
दोन बोटं जास्तीचा वळसा दिला, सैल.
"अब जितना चाहो खोलो."

पिवळा बसला. काच वर गेली,
कुरकुरत, पण गेली.
बिलात बल्ब धरला नव्हता.
तो शार्दूलच्या दप्तरात आहे, कंपासपेटीत,
कर्कटकाच्या शेजारी.

रात्री दोनला मला जाग आली.
खट् नाही.
तरी बाल्कनीत जाऊन उभी राहिले थोडा वेळ.
धुकं, आणि धुक्यात गप्प गाडी.

हिरवा फ्यूज माझ्या पर्समध्ये आहे अजून.
टाकून द्यायचाय.